मायक्रोस्कोपमागची डॉक्टर

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. डॉक्टरकी करता करता केस पिकायला लागले, तरी नाव तेच राहिलं. थोरल्या जाऊबाईंचं तर म्हणणंच होतं की ही कसली डॉक्टर, हिने जन्मात कुणाची नाडी धरली नाही. घरात कुणाला ताप आला की तिला ओलांडून कोपऱ्यावरच्या फॅमिली डॉक्टरकडे जात. धाकटी हसून सोडून देई. ती पॅथॉलॉजिस्ट. इस्पितळाच्या तळमजल्यावर, दिवसाही दिवे लावलेल्या खोलीत बसून काचेवर घेतलेले माणसांच्या शरीराचे पातळ काप ती मायक्रोस्कोपखाली बघे. ती माणसं कधी तिच्या नजरेस पडत नसत.

आज मात्र वर ऑपरेशनच्या टेबलावर जाऊबाईच होत्या.

गळ्यातली गाठ प्रथम फॅमिली डॉक्टरच्या बोटांना लागली. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरने तिची जागा दाखवली. सुईने पेशी काढून पाहिल्या, पण ठाम काही ठरेना. शेवटी सर्जन म्हणाला, गाठीसकट अर्धी थायरॉइड ग्रंथी काढून लगेच तपासायला खाली पाठवतो. कॅन्सर निघाला तर उरलेली अर्धीही त्याच वेळी काढू. सगळी ग्रंथी गेली की जन्मभर गोळ्या, आणि दुसऱ्या बाजूच्या आवाजाच्या नसेलाही धोका. जाऊबाई शाळेत शिकवत. त्यांचा आवाज मैदानापलीकडे जाई.

नात्यातल्या माणसाची काच धाकटी वाचत नसे. पण जोडीचा पॅथॉलॉजिस्ट नेमका रजेवर होता.

तंत्रज्ञाने तुकडा गोठवला, काप काढून रंगवला आणि काच पुढे ठेवली. धाकटीने डोळा लावला. पेशी दाटीवाटीच्या, फुगलेल्या, काळ्याभोर. गोठवताना बर्फाने साध्या पेशीही अशा भेसूर दिसतात, हे ती वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना बजावत आली होती. अशा गाठीत खरी गोम असते भोवतीच्या आवरणात. ते फोडून पेशी बाहेर पडल्या असतील, तर कॅन्सर. दिसत होतं तिथवर आवरण धड होतं, पण दिसत होतं ते नखाएवढं. तिने आणखी एक काप मागवला. मग आणखी एक.

फोन वाजला. सर्जन म्हणाला, भूलतज्ज्ञ घाई करतायत, रक्तदाब खाली येतोय.

"हो की नाही, एवढंच सांगा, मॅडम."

हो म्हणणं सोपं होतं. नंतर चूक ठरली तरी काळजीपोटी केलं, असं म्हणून कुणी बोट दाखवलं नसतं.

"सांगता येत नाही," ती म्हणाली. "गळा बंद करा. अख्खी गाठ तपासून सांगते."

सर्जन कोरडेपणाने म्हणाला, पुन्हा गळा उघडायची पाळी आली तर घरच्यांना तुम्हीच समजवा.

घरचे समजून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हते. थोरल्या दिरांनी विचारलं, इतकं शिकून हेच सांगायचं होतं का? गाठ औषधात मुरवून, मेणात बसवून, काप पाडून काचा तयार होईपर्यंत धाकटी पुन्हा पुन्हा तंत्रज्ञाच्या टेबलाशी जाऊन आली.

आवरण सगळीकडून धड होतं; कॅन्सर नव्हता. जोडीदाराने रजेवरून येऊन त्याच काचा पाहिल्या, तोही तेच म्हणाला. रिपोर्ट रीतीप्रमाणे सर्जनकडे गेला आणि चांगली बातमी सर्जनने दिली.

त्या संध्याकाळी जाऊबाई स्वयंपाकघरात आल्या. गळ्यावर पट्टी होती. आवाज बसका, पण होता.

"खरं सांग, त्या वेळी तुला काय वाटलं होतं?"

"कॅन्सरच वाटला होता, वहिनी."

"मग बोलली का नाहीस?"

"दिसला नव्हता ना."

जाऊबाई खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "तिथं खाली एकटीच असतेस तू?"