उपासाला चालतं

सहावीच्या पुस्तकात ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लाम या तीन धर्मांना मिळून आठ पानं दिली होती. शेवटी एक तक्ता: संस्थापक, ग्रंथ, प्रार्थनास्थळ. तो बघूनच माझं डोकं फिरलं. माणसं म्हणजे काय फडताळातले डबे आहेत, लेबल चिकटवलं की झालं? मी मुळात तापट, त्यात चेन्नईत नवीन. नवरा पहाटेच्या बसने ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात जायचा, तो दिवेलागणीला उगवायचा. भिंतींशी किती बोलणार? म्हणून नुंगंबाक्कमच्या एका शाळेत शिकवायला लागले होते आणि त्या चाळीस पोरांवर माझा भारी जीव जडला होता. तक्ता पाठ करून घ्यायचा नाही, असं मी ठरवूनच टाकलं.

पहिल्या दिवशी फळ्यावर तिन्ही धर्मांचा मूळपुरुष अब्राहम, त्याची वंशावळ काढली. थोरल्या मुलाकडून अरब आले, धाकट्याकडून ज्यू. मागच्या बाकावरून लगेच आवाज, "मिस, म्हणजे हे पेरियप्पाची मुलं, ते चित्तप्पाची!" थोरल्या काकाची नि धाकट्या काकाची. पाच मिनिटांत वर्गाने सगळी नाती लावून टाकली. मग प्रश्न आला, "मिस, तुम्ही ज्यू माणूस पाहिलाय?"

पाहिलाय म्हणजे काय! मी अलिबागकडची. आमच्या शेजारच्या मावशी ज्यू होत्या. नऊवारी नेसायच्या, माझ्या आईपेक्षा खणखणीत मराठीत भांडायच्या आणि शनिवारी चूल पेटवायच्या नाहीत. त्यांच्या लोकांचे तेलाचे घाणे शनिवारी बंद, म्हणून त्यांना आमच्याकडे शनिवार तेलीच म्हणत. पोरांचा विश्वास बसेना. मग मी त्यांना दारफाळणीच्या सणाची गोष्ट सांगितली. वर्षातून एक दिवस मावशी पांढरं लुगडं नेसून दार लावून घ्यायच्या आणि कडक उपास धरायच्या. मी सात वर्षांची असताना आईने माझ्या हातात वाटीभर साबुदाण्याची खिचडी दिली नि म्हणाली, "बाईंचा उपास आहे, देऊन ये." मी दार वाजवून वाजवून दमले. शेवटी पायरीवर बसून ती वाटी मीच फस्त केली. दुसऱ्या दिवशी मावशी पोट धरून हसल्या. "अगं बये, आमच्या उपासाला पाणीसुद्धा नाही!" मी विचारलं, "साबुदाणासुद्धा नाही?"

वर्ग खिदळला, मीही खिदळले. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं, पण झाले नाही.

मात्र शिकवायला धागा सापडला. तिघांचेही उपास असतात, तर उपासापासूनच सुरुवात करावी. ख्रिस्ती उपासासाठी लांब जायला नको होतं. आमच्या मुख्याध्यापिका ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस कॉफी सोडत. चेन्नईच्या बाईने फिल्टर कॉफी सोडायची म्हणजे काय, हे पोरांना समजावून सांगावं लागलं नाही. त्या दिवसांत आख्खी शाळा त्यांच्या खोलीवरून चवड्यांवर चालत जायची.

आणि तेव्हा तर रमझानच चालू होता. मी वहीत लिहून दिलं: पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न नाही, पाणी नाही. खाली दोन रेघा मारायला लावल्या.

पहिल्या बाकावर तिरुवल्लिकेणीची एक मुलगी बसायची. घरी दख्खनी बोलायची, त्यामुळे माझ्याशी तिचं गुळपीठ. तिने मान वेळावून "नक्को मिस" म्हटलं की मला माहेरचं कोणी भेटल्यासारखं वाटायचं. तिला पहिला रोजा पुरा करायचा होता. दोनदा धरला आणि दोनदा मोडला होता: एकदा खेळाच्या तासानंतर नळाला तोंड लावलं, एकदा पेरूची फोड चोरून खाल्ली. दोन्ही वेळा घरी खोटं बोलली, दोन्ही वेळा पकडली गेली. आता शुक्रवारी तिसऱ्यांदा धरणार होती. पहिल्या रोज्याचं कौतुक म्हणून घरी हार आणणार होते, नवा शरारा शिवला होता, आंबूरहून पाहुणे येणार होते. "इस बार टूटा तो मेरी इज्जत गई, मिस," ती म्हणाली. अकरा वर्षांची इज्जत, पण तिचे डोळे बघून मला काही हसू आलं नाही.

त्या शुक्रवारी नेमकी एकादशी! म्हटलं, वर्गाला आपलाही उपास दाखवू. पहाटे उठून पातेलंभर साबुदाण्याची खिचडी केली. गंमत बघा, आपल्याकडे येणारा साबुदाणा बराचसा इथल्याच सेलमचा, आणि इथे त्याला कोणी उपासाचं मानतच नाही. आमचा वाणी त्याला जव्वरिसी म्हणायचा नि दर वेळी विचारायचा, "पायसम का, अम्मा?" मी दर वेळी चिडायचे.

तिसऱ्या तासाला कागदी बशा मांडल्या. पोरं वास घेऊन चेकाळली. "मिस, उपास म्हणता आणि खाता?" मी फिस्कारले, "हे खाणं नव्हे, हे उपासाचं आहे!" वाढत वाढत पहिल्या बाकाशी आले. ती मान हलवत होती. "नक्को मिस, रोजा है."

"अगं वेडे, म्हणूनच तर! उपासाचंच आहे हे. माझी आई खाते, आजी खायची. उपासाला चालतं!"

आता तुम्ही म्हणाल, बाई, आदल्याच दिवशी तुम्ही दोन रेघा मारायला लावल्या होत्या ना? लावल्या होत्या. पण देवाशप्पथ सांगते, माझ्या डोक्यात साबुदाणा अन्नात मोडतच नव्हता. वरी, राजगिरा, रताळं, साबुदाणा म्हणजे उपासच. अन्न म्हणजे भात-पोळी. ती पोर पहाटे चारला उठलेली, आणि मी सांगेन ते तिला ब्रह्मवाक्य. तिने चमचा तोंडात घातला.

"मिस! तुम्हीच सांगितलंत!" मागच्या बाकावरचा उभा राहून वही नाचवत होता. "अन्न नाही, पाणी नाही! दोन रेघा, मिस!"

अगं आई गं! मी किंचाळले, "गिळू नकोस!" तिचे गाल फुगलेले, डोळे बटाट्याएवढे. ती सुटली नळाकडे, तिच्यामागे मी, माझ्यामागे चाळीस पोरं. व्हरांड्यात मुख्याध्यापिका आडव्या आल्या, त्यांनाही कळेना की आग लागली की साप निघाला. नळाशी नवाच पेच! थुंकली खरी, पण चूळ भरायची कशी? पाणी आत गेलं तर? "मान खाली घाल!" "जीभ बाहेर काढ!" "नाक दाब!" चाळीस सल्ले एकदम. ती ओणवी होऊन अशी काही चूळ भरत होती की मला त्याही परिस्थितीत हसू फुटलं. मुख्याध्यापिका तर भिंतीला टेकून हसत होत्या. आणि मग ती उभी राहिली नि भोकाड पसरलं.

"एक दाणा गेला असेल तर?" ती हुंदके देत म्हणाली. "आणि नसला गेला तरी घरी कोण मानणार? मी दोनदा खोटं बोललेय, मिस."

माझं हसू जागच्या जागी मेलं. हे मी केलं होतं. हार, शरारा, आंबूरचे पाहुणे, सगळ्यांवर मी चमचाभर खिचडी ओतली होती. "मी येते तुझ्या घरी," मी म्हणाले. "मी सांगते सगळं. आणि आत्तापासून मीही काही खाणार नाही. पाणीसुद्धा नाही."

"मिस, तुम्ही सकाळी दोन बशा खाऊन आलाय," वहीवाला म्हणाला. खरं होतं, खिचडी वाढताना मीच सांगितलं होतं. त्याला मी डोळे वटारून गप्प केलं.

जन्मात मी चहाशिवाय उपास केला नव्हता. दुपारी दोनला स्टाफरूममध्ये कॉफी फिरली नि माझे प्राण त्या तांब्याच्या गडव्यात अडकले. तीनला चक्कर आल्यासारखं झालं. शाळा सुटल्यावर तिच्या रोजच्या रिक्षात, पाच पोरांच्या दप्तरांखाली दबून आणि मांडीवर उरलेल्या खिचडीचा डबा घेऊन मी तिरुवल्लिकेणीला निघाले. वाटेत सगळी पोरं एकच चर्चा करत होती, दाणा गेला की नाही. बहुमत माझ्या विरुद्ध होतं.

दारात तिची आजी उभी होती. ठेंगणी, तिखट नजरेची, पाहताक्षणी मला माझ्या आईची धास्ती आठवली. मी मुंबईछाप हिंदीत एका दमात सगळं सांगून टाकलं: चूक माझी, मुलगी सच्ची, थुंकली, मी डोळ्यांनी पाहिलं. आजीने माझ्याकडे बघितलंच नाही. नातीची हनुवटी वर केली. "निगली क्या?"

"नइं, दादीमा."

आजी बराच वेळ तिच्या डोळ्यांत बघत राहिली. आतून पाहुण्यांचा गलबला येत होता. मग म्हणाली, "रोजा है." ती पोर अशी काही आजीच्या कमरेला बिलगली की दोघी धडपडल्या. मी तर तिथेच उंबऱ्यावर बसले. आजीने डब्याचं झाकण उघडून वास घेतला. "और ये क्या है?" उपासाला चालतं ते, मी म्हणाले. "खाके रोजा?" आजी एवढी हसली की आतल्या बायका बघायला बाहेर आल्या. मी आपली सगळ्यांना वरी आणि राजगिराही समजावून सांगत बसले. कोणालाही पटलं नाही.

सूर्यास्ताला आम्ही चादरीभोवती बसलो. मशिदीतून आणलेली नोंबू कंजी, म्हणजे रोज्याची पेज, वाडग्यांत वाफाळत होती. शेजारी माझी खिचडी. शराऱ्यातली नवरी मध्ये, गळ्यात हनुवटीपर्यंत हार. बांग झाली. तिने दोन खजूर उचलले आणि आधी एक माझ्यासमोर धरला. "मिसका भी पयला है," तिने आख्ख्या खोलीला सांगितलं. "ग्यारा बजे से." कोणी हसलं नाही. मी तो घेतला नि तोंडात ठेवला.

तिने खजूर तोंडात टाकला आणि थांबली. गाल सकाळसारखाच फुगलेला. माझ्याकडे बघून बोबडं बोबडं विचारलं, "चलता ना, मिस?"

सकाळी केवढ्या तोऱ्यात सांगितलं होतं मी! आता मी आजीकडे बघितलं.

"अब निगल, बेटा," आजी म्हणाली.

आम्ही दोघींनी एकदमच गिळलं.