सहा दिव्यांचा मामा

माझ्या गाडीला पुढून सहा दिवे आहेत आणि माझ्या एकुलत्या एका भाचीच्या डोक्यावर अक्षता पडल्या तेव्हा मी मांडवात नव्हतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे.

सहापैकी दोन दिवे कंपनीने दिलेले. उरलेले चार मी हौसेने बसवून घेतले. त्याला कारणही होतं. साखर कारखाने सुरू झाले की लातूर-चाकूर रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर निघतात आणि त्यांच्या मागे लाल दिव्याचा पत्ता नसतो. दिवाळीत बहिणीकडून परत येताना अंधारात अचानक समोर ऊसच उभा राहिला. मी ब्रेक दाबला, बायकोने देवाचं नाव घेतलं आणि आम्ही वाचलो. दुसऱ्याच दिवशी मी लातुरातल्या फिटरकडे जाऊन बंपरवर दोन आणि टपावर दोन असे जादा दिवे बसवले. वर हट्टाने सांगितलं, की यांचं बटण वेगळं दे, किल्ली न लावताही लागले पाहिजेत. (का? बंद गाडीपाशी उभं राहून चार लोकांना दाखवता यावेत म्हणून. दुसरं काय!) फिटर जरा कुरकुरला, पण मी काही ऐकलं नाही.

आता भाचीचं सांगतो. पूजा ही माझी धाकटी बहीण सुनंदा, तिची मुलगी. सुनंदाचं सासर चाकूरजवळच्या खेड्यात. पूजा शाळेत असतानाच तिचे वडील गेले. त्यानंतर तिची ॲडमिशन, तिचं होस्टेल, तिच्या परीक्षा, सगळीकडे मामाच. आमच्याकडे नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं आणि मंगलाष्टका संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, हा मान मामाचा. तिला मामा मी एकटाच. लग्न नांदेडच्या एका मंगल कार्यालयात, दुपारी साडेबाराला. पूजाने आठवडाभर आधीच मला बजावलं होतं, "मामा, तेवढा उशीर करू नका बरं. मी तुमचाच हात धरून येणार हाय."

आदल्या दिवशी संध्याकाळी गावात हळद होती. पहिलं बोट लागलं आणि लाईट गेली. बायका मोबाईलच्या उजेडात नवरीचं तोंड शोधू लागल्या. माझ्या आयुष्यात असा क्षण पुन्हा येणार नव्हता. मी उठलो, गाडी मांडवाच्या तोंडाशी आणली आणि चारही जादा दिवे लावले.

मांडवात दिवस उगवला! म्हाताऱ्यांनी डोळ्यांवर हात धरले, पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि चाकूर तालुक्यातले झाडून सगळे किडे हळदीला आले. हळदीच्या वाटीत हळद कमी आणि पाहुणे जास्त झाले. त्यात गाडीचा धूर बायकांच्या तोंडावर जाऊ लागला, म्हणून मी इंजिन बंद केलं. दिवे मात्र चालूच. बायको येऊन हळूच म्हणाली, की बॅटरी उतरेल, बंद करा. मी म्हटलं, नवी बॅटरी आहे, काही होत नाही. पुढे लाईट आली, पण माझ्या दिव्यांपुढे मांडवातल्या ट्यूबा इतक्या केविलवाण्या दिसत होत्या की मला बटण दाबवेना. लोक माझ्या उजेडात फोटो काढत होते. (त्या सगळ्या फोटोंत सगळ्यांचे डोळे मिटलेले आहेत.)

सकाळी नवरी माझ्याच गाडीतून नांदेडला जायची होती. बॉनेटवर हार घालून झाला, नारळ फुटला. मी किल्ली फिरवली. गाडी एकदा 'टक्' म्हणाली आणि गप्प बसली.

नवरीला वऱ्हाडाच्या जीपमध्ये बसवलं, बायकोही चढली. जीपमध्ये अजून एक जागा होती, हे मी आजही विसरू शकत नाही. सुनंदा दार धरून म्हणाली, "दादा, राहू दे गाडी. तू चल." पण फुलांनी सजवलेली गाडी टाकून जीपमध्ये दाटीवाटीने बसायला मला लाज वाटली. मी म्हणालो, "तुम्ही व्हा पुढं. मी आलोच मागून."

गावातले धक्का देण्यालायक सगळे बाप्ये वऱ्हाडात निघून गेले होते. उरलेल्या दोन म्हाताऱ्यांनी ढकललं, तेव्हा गाडी तसूभरही हलली नाही, म्हातारे मात्र खाली बसले. शेवटी रस्त्याने एक ट्रॅक्टर आला. उसाचाच! मागे लाल दिवा नसलेला! त्याच्या ड्रायव्हरने दोर बांधता बांधता गाडीला एक चक्कर मारली आणि विचारलं, "मालक, पुढून एवढे दिवे, अन् गाडी बंद कशी?"

गाडी सुरू झाली आणि माझी ऐट परत आली. साडेबाराचं लग्न म्हणजे दोनच्या आत लागत नाही, हे मराठवाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आधी पुढाऱ्यांचे सत्कार, मग रुसलेल्या पाहुण्यांची समजूत, मग न सापडणारी करवली. या हिशेबावर मी वाटेत लोह्याला थांबून इंजिन चालूच ठेवून निवांत चहा घेतला. फोन वाजत होता. बायको चिडली असेल म्हणून मी उचलला नाही.

नवऱ्या मुलाचे वडील निवृत्त हेडमास्तर निघाले. त्यांनी सत्कार रद्द केले आणि लग्न साडेबाराला लावलं. मराठवाड्यातलं वेळेवर लागलेलं एकच लग्न, आणि ते माझ्या भाचीचं!

पुढचं मी व्हिडिओत पाहिलं. माईकवरून तीनदा पुकारा होतो, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे." पूजा दाराकडे बघते. मग माझी बायको पुढे येते. माझ्यासाठी आणलेला गुलाबी फेटा तिने स्वतःच्या डोक्यावर ठेवलेला. ती पूजाचा हात धरते. लोक हसतात, पूजाही हसते, आणि हसता हसता डोळे पुसते. मंगलाष्टका संपेपर्यंत माझी बायको पाठीशी ताठ उभी आहे. मी उभा राहिलो असतो त्यापेक्षा चांगली.

मी पोचलो तेव्हा पंगती बसल्या होत्या. स्टेजवर गेलो. पूजा रागावली असती तर मी सुटलो असतो. पण तिने नवऱ्याला फक्त "हे माझे मामा" एवढं सांगितलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला म्हणत होती तेच मलाही म्हणाली, "जेवून घ्या, मामा. जेवल्याशिवाय जाऊ नका."

मग काय, मी जेवलो. वाईट फार वाटत होतं, त्यामुळे जिलेबी दोनदा मागून घेतली.