न विचारता घेतलेली जागा

माझा कॉम्प्युटर आमच्या दांडी गावाहून बोईसरला मासळीच्या टेम्पोतून गेला. जुन्या गोधडीत गुंडाळून मी तो बर्फाच्या खोक्यांमध्ये उभा केला होता आणि त्याला पाणी लागेल म्हणून टेम्पो सुटेपर्यंत दादाशी भांडत होते. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. टेम्पो त्याच्या मित्राचा, त्यामुळे मिजास त्याची. आई दारात आली नाही. बाबा ओट्यावर फाटलं जाळं सांधत बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. दादा तेवढा बोलला, "बोईसर काय परदेश हाय? रुसून चाललीस तर नीट लांब तरी जा."

दांडीत राहिलेल्यांनो आणि दांडी सोडून पुण्याला, आखाताला गेलेल्यांनो, हे तुम्हा सगळ्यांना सांगते आहे, कारण हसलात सगळेच. राहिलेले म्हणाले, ही रिक्षा करून संध्याकाळी परत येईल. लांब गेलेले म्हणाले, याला काय जाणं म्हणतात? किती लांब गेलं की जाणं धरायचं, हे ठरवायला तुम्हाला कुणी बसवलं होतं ते मला अजून कळलेलं नाही. घरात मी एक टेबल मागितलं होतं. टेबल आलं, आणि आठवड्याच्या आत त्यावर सुक्या करंदीची, म्हणजे बारीक कोलंबीची, पोती चढली. मी बोलले तर दादा म्हणाला, पोती पैसे देतात, तुझा कॉम्प्युटर काय देतो? म्हणून मी निघाले.

बोईसरची खोली कारखान्यांच्या मागच्या बाजूला होती. खिडकी उघडली की डोळे चुरचुरत, बंद केली की जीव घुसमटे. दिवसा मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आल्यागेल्या मालाच्या नोंदी करायचे. तिथे सगळा कारभार हिंदीत, आणि मी 'मैडम'. संध्याकाळी खोलीवर येऊन माझं खरं काम. खरं म्हणजे काय, ते घरमालकीण काकूंना कधीच पटलं नाही. त्या साताऱ्याकडच्या, नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आलेल्या. पगार नाही हे कळल्यावर त्या म्हणाल्या, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजतेस गं? त्यांचं चुकत नव्हतं, पण मला ते रोज ऐकायचं नव्हतं.

काम होतं कंपायलरचं. आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा रूपात आणतो तो कंपायलर. मी ज्यावर काम करायचे तो सगळ्यांसाठी खुला आहे. जगातल्या कुणीही त्याचा कोड वाचावा, चूक दुरुस्त करावी आणि पाठवावी. मग तिथले जुने जाणकार ती तपासतात आणि योग्य वाटली तर घेतात. घरी बसून करायचं काम देणाऱ्या एका कंपनीने मला सरळ सांगितलं होतं, पालघरच्या कॉलेजचं नाव आम्हाला ठाऊक नाही, त्या कंपायलरमध्ये तुझी स्वीकारलेली दुरुस्ती दाखव, मग बोलू. ती नोकरी मिळाली नसती तर मला कारखान्यात सडायचं होतं किंवा पोत्यांपाशी परत जायचं होतं. तिसरी वाट नव्हती.

नवख्यांसाठी तिथे सोपी कामं वेगळी काढून ठेवलेली असतात. वर मोठ्या अक्षरांत स्वागत. या, विचारा, लाजू नका. असली गोड पाटी दिसली की मी आधी पळायला चप्पल कुठे ठेवली ते बघते. एक काम मला आवडलं. प्रोग्रॅममध्ये कंस घालायचा राहिला एका ओळीत आणि कंपायलर बोट दाखवतो भलत्याच ओळीकडे. मी खाली लिहिलं, हे काम मी घेते. आणि कामाला लागले. आधी अख्खा कंपायलर आपल्या कॉम्प्युटरवर बांधावा लागतो. माझ्या डब्याची मेमरी इतकी कमी की शेवटच्या जोडणीला येऊन तो मान टाकायचा. ते जमवलं तर वीज जायची. पण चूक सापडली, दुरुस्तीही सुचली. अर्धवट दाखवायची मला लाज वाटत होती, म्हणून मी गप्प राहून घासत बसले.

आणि एका सोमवारी कुणा तिसऱ्यानेच दुरुस्ती पाठवली. जाणकारांनी ती त्याच दिवशी स्वीकारलीसुद्धा. आयत्या बिळावर नागोबा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्यांच्या देखत मी इंग्रजीत लिहिलं, इथे मी आधीच नाव लावलं होतं, मला विचारलंत का? एका जाणकाराचं उत्तर आलं, सभ्य आणि बर्फासारखं. बरेच दिवस हालचाल दिसली नाही तर काम कुणीही करू शकतं, इथे काम कुणाच्या मालकीचं नसतं, अर्धवट असलं तरी दाखवत जा. शेवटी हसरा चेहरा. तो हसरा चेहरा मला हाताशी मिळाला असता तर मी काय केलं असतं ते इथे लिहीत नाही.

तुम्ही दांडीचे आहात, तुम्हाला माझा राग कळेल. बाकीच्यांना सांगते. आमच्याकडे भर समुद्रात खुंट ठोकून त्याला जाळं बांधतात. ज्याने खुंट ठोकला, जागा त्याची. होडी नादुरुस्त असो, घरात सुतक असो, दुसरा तिथे जाळं बांधायच्या आधी घरी येऊन विचारतो. मी याच रिवाजात वाढले. नाव लावणं म्हणजे माझ्या हिशेबी खुंट ठोकणंच होतं. त्या लोकांच्या लेखी मी फक्त पाण्यात बोट बुडवलं होतं.

राग गिळला नाही, पण दुसरं काम घेतलं. कंपायलर एकच इशारा दोनदा द्यायचा, ते थांबवायचं होतं. या वेळी अर्धवट, ओबडधोबड, जसं होतं तसं दाखवलं. मग जाणकारांनी माझी सालटी काढायला घेतली. चाचणी कुठे आहे? हे नाव असं का? बदल का केलास ते दोन वाक्यांत लिही. लिहिलं तर म्हणे, पुन्हा लिही. मी प्रत्येक उत्तर आधी शिवी घालून मोठ्याने म्हणायचे आणि मग थँक्यू टाइप करायचे. काकूंना वाटायचं मी फोनवर कुणाशी तरी भांडते आहे. शेवटी दुरुस्ती घेतली गेली. पुढे त्या कंपनीने बोलावलं आणि कारखाना सुटला.

दुरुस्ती घेतली गेली त्या संध्याकाळी मी घरी फोन केला. आनंद झाला होता आणि तो बोईसरमध्ये सांगायला कुणी नव्हतं. दादाने ऐकून घेतलं, "बरं झालं" म्हणाला आणि त्याच दमात सांगितलं की आपली समुद्रातली जागा चुलतभावाला देऊन टाकली. बाबांना आता झेपत नाही, आणि दादा स्वतः कारखान्यात ठेकेदाराकडे लागलेला.

"मला विचारलं का?" मी ओरडले. दुसऱ्यांदा तेच वाक्य, फक्त या वेळी मराठीत.

"तुला कशाला इचारायचं? तू कवा होडीत तरी बसलीस? आनि तू गेलीस तवा कोनाला इचारलंस?"

मी तोंडाला येईल ते बोलले. दादाही बोलला. मग फोन बाबांनी घेतला. ते फोनवर सहसा बोलत नाहीत.

"पोरी," ते म्हणाले, "तुला इचारलं असतं तर तू नाय बोलली असतीस. म्हनून नाय इचारलं."

मी फोन ठेवला. खरं होतं ते. मी नाहीच म्हटलं असतं. त्या जागेवर मी कधी जाळं टाकणार नव्हते, तरी दुसऱ्याला टाकू दिलं नसतं. आणि बाबांना हे ठाऊक होतं, याचाच मला जास्त राग आला. इथे मला प्रत्येक ओळ का बदलली ते परक्यांना समजावून सांगावं लागतं. तिथे मी तोंड उघडायच्या आत घरचे माझं उत्तर गृहीत धरून मोकळे होतात. याला घर म्हणायचं की मुस्कटदाबी, ते लांब गेलेल्यांनी मला सांगावं. राहिलेल्यांनी सांगू नये, त्यांचं उत्तर मला माहीत आहे.

पुढच्या रविवारी मी भांडायलाच दांडीला गेले. येते म्हणून कळवलं नव्हतं. वाटेत रिक्षात मी काय काय बोलायचं ते जुळवत होते. दारात पोचले तर सगळे जेवायला बसले होते आणि माझं ताट वाढून ठेवलेलं होतं, बाजूला तळलेले बोंबील. तेही कुणी मला विचारून वाढलं नव्हतं.