क्लॅरनेटवाल्याचा जबडा

"दाढ काढायची नाही," रोह्याच्या दातांच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "दाढेत काहीच दोष नाही."

आम्ही तर दाढ काढून घ्यायलाच गेलो होतो. माझे यजमान दत्ताराम खुर्चीत आ करायला धडपडत होते, पण दोन बोटं मावतील एवढंही तोंड उघडत नव्हतं. मॅडमनी त्यांच्या दोन्ही कानांपुढे बोटं टेकवली आणि हळूहळू जबडा हलवायला लावला. मग माझी बोटं तिथे ठेवली. आत कट् करून काहीतरी सरकलं.

"हा टेम्पोरोमँडिब्युलर जॉइंट, आम्ही टीएमजे म्हणतो. खालचा जबडा कवटीला जोडलेला असतो, तो सांधा. गुडघा धरतो ना, तसा हा धरलाय."

आमचं गाव रोहा तालुक्यात, खांबजवळ. भातशेती, त्यामागून वाल आणि लग्नसराईत यांचा बँड. यांची क्लॅरनेट ऐकून लोक दारात येतात, हे मी बायको म्हणून सांगत नाही, कोणालाही विचारा.

यांचं दुखणं आधी कानात सुरू झालं. थेंब घातले, गुण नाही. सकाळी हे उठले की कानशिलं ठणकायची. भाकरी चावताना कटकट आवाज यायचा, मुलं हसायची. मग नागोठण्याच्या एका हळदीत वाजवता वाजवता जबडा अडकला. घरी आल्यावर यांनी भाकरी बाजूला सारली. नुसता मऊ भात गिळू लागले.

यांना तंबाखूची सवय. त्यामुळे गावात सगळ्यांच्या मनात एकच आजार आला. शेजारच्या काकूंनी तोंडावरच सांगितलं, "गो सुनंदा, तोंड उघडत नाय म्हंजे लक्षण बरं नाय." त्या दिवशी चुलीपुढे बसून मी रडले. यांना कळू दिलं नाही.

म्हणून मॅडमनी गालाच्या आतली कातडी उजेडात नीट पाहिली, बोटाने चाचपली आणि "डाग नाही, गाठ नाही, घाबरू नका" असं म्हणाल्या, तेव्हा मी तिथेच हात जोडले. तंबाखू मात्र त्याच दिवशी बंद करायला लावली. हाड बघायला ओपीजी काढायला पेणला पाठवलं. ओपीजी म्हणजे सगळे दात आणि दोन्ही जबडे एकाच पट्टीत दाखवणारा एक्स-रे. हनुवटी टेकून उभं राहायचं, यंत्र तोंडाभोवती फिरतं. दुखत नाही. बाहेरच्या बाकावर वाट बघणं, तेवढंच अवघड.

हाड चांगलं निघालं. मग मॅडमनी मला विचारलं, "झोपेत दात खातात का?"

"व्हय, लग्न झाल्यापासून. आमच्याकडे जंत झाले म्हणतात. मी ओवा देते."

"जंतांचा काही संबंध नाही. याला ब्रुक्सिझम म्हणतात. झोपेत नकळत दात आवळायचे, घासायचे. यांच्या दाढा बघा, सपाट झाल्यात." मग यांच्याकडे वळून म्हणाल्या, "पुढच्या वेळी क्लॅरनेट घेऊन या. वाजवताना मला बघायचंय."

असं सांगणारा डॉक्टर मी तरी पाहिला नव्हता. दवाखान्यात यांनी जेमतेम एक कडवं वाजवलं. बाहेरचे पेशंट दारात गोळा झाले. मॅडम सुरांकडे नाही, हनुवटीकडे बघत होत्या. वरचे दात वाद्यावर घट्ट रोवलेले आणि खालचा जबडा पुढे काढलेला. त्यांनी दात टेकतात तिथे पातळ रबर चिकटवायला सांगितलं आणि काही आठवडे वाजवणं बंद.

"एवढे आवळून का धरता? काळजी कसली आहे?"

"काय नाय."

मॅडमनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा हे म्हणाले, "डीजे आलाय ना सगळीकडं. बँडला कोण विचारतंय आता? एक सूर चुकला तर पुढल्या वेळी बोलावणार नायत." घरात हे कधी बोलले नव्हते.

मग स्प्लिंट बनवली. आधी दोन्ही जबड्यांचं माप घेतात. थंड, चिकट लगदा तोंडात भरतात, उबळ येते, नाकाने श्वास घेत राहायचं. त्या मापावरून पारदर्शक, कडक पट्टी तयार होते. ती झोपताना वरच्या दातांवर बसवायची. निळा कागद चावायला देऊन जिथे जास्त दाब पडतो तिथे मॅडम पट्टी घासत. पुन्हा चावा, पुन्हा घास. कंटाळा म्हणून नाही.

"ही दात खाणं थांबवेलच असं नाही," त्यांनी स्पष्ट सांगितलं. "दात झिजायचे वाचतील, सांध्यावरचा भार कमी होईल. बाकी शेक, जबड्याचे व्यायाम आणि धीर." पट्टी गार पाण्याने धुवायची, गरम पाण्यात वाकते.

सुरुवातीला तोंडाला लाळ सुटे. सकाळी पट्टी उशीखाली सापडे. हे चिडले, पण पट्टी सोडली नाही.

लग्नसराई सुरू झाली. क्लॅरनेटला दुसरा गडी आला. हे घरी बसतील असं वाटलं होतं, पण गणवेश घालून निघाले आणि त्याच बँडमध्ये खुळखुळे वाजवायला उभे राहिले. माझा माणूस किती मोठा आहे, ते मला त्या दिवशी कळलं. बँडमास्तर म्हणाले, "दत्त्या, तुझी जागा तुझीच हाय."

हळूहळू कानशिलं शांत झाली. तोंडात दोन बोटं गेली, मग तीन. कट् आवाज अजून कधी कधी येतो, मॅडम म्हणतात दुखत नसेल तर येऊ दे.

कुणाचा कान विनाकारण दुखत असेल, सकाळी जबडा जड वाटत असेल, तर थेंब आणि ओवा घेत बसू नका. दातांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि शेजारी झोपणाऱ्याला सोबत न्या, कारण दात खाल्लेले त्यालाच ऐकू येतात.

पुढे धाटावला एका वरातीत यांनी पुन्हा क्लॅरनेट धरली. मी गेले होते. भर रस्त्यात, रंगात आलेलं गाणं यांनी मध्येच सोडलं आणि नवरदेवाच्या आजीला म्हणाले, "आजी, जबडा थकला. जरा दम खातो."

पूर्वी यांनी असं कधीच केलं नसतं. वरात आपल्याला मागे टाकून जाईल, ही भीती यांना कायम होती.

आजी म्हणाली, "खा की बाबा, कुणाला घाई हाय?" आणि सगळी वरात रस्त्यात थांबून राहिली.