बोटभर ढील

आमच्या कारखान्यात अक्कल वरून खाली यायची, आणि खाली पोचेपर्यंत तिच्यात काही उरत नसे. कोल्हापूर सोडून मी म्हैसूरला आलो तेव्हा देखभाल खात्याबरोबर एक धिप्पाड जुना कॉम्प्रेसर माझ्या गळ्यात पडला. त्याला मोटर साखळीने फिरवायची. ती साखळी सांभाळणारे एक फिटर होते, इथल्याच जुन्या मराठी घरातले, बोलण्यात कन्नड मिसळणारे. वीज बंद करायची, चाक हाताने फिरवायचं, साखळी जिथे जास्त ताठ लागेल तिथे अंगठ्याने दाबून बघायची, अशी त्यांची रीत. बोटभर ढील हवीच, म्हणायचे. निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि आजवर आपल्या नावावर एकही मेमो नाही, हे ते रोज चहाबरोबर ऐकवायचे.

आयुधपूजेला मुख्य कार्यालयातले बडे साहेब येणार होते. आमच्या मॅनेजरला यंत्रातलं कॅन्टीनच्या मांजराइतकंच कळायचं. फरक एवढाच, की मांजर सूचना देत नसे. हार घालायचा म्हणून त्याने साखळीवरचं झाकण काढायला लावलं. आत साखळी जराशी लोंबत होती.

"हे काय ध्यान? पाहुण्यांना काय वाटेल?" असं मलाच विचारून तो निघून गेला.

मला उत्तर ठाऊक होतं. तरी मी फिटरना म्हणालो, "घ्या ओढून."

"ब्याड साहेब, नको. इतकं ताणलं की बेअरिंग जातंय, नोडी, बघा."

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे. पूजा झाली की सैल करू."

त्यांनी मोटर मागे सरकवली आणि रजिस्टरात कामाची नोंद करून सही केली. साखळी कपडे वाळत घालायच्या नव्या दोरीसारखी ताठ झाली. हळदकुंकू लागलं, झेंडू चढला, दारात कोहळा फुटला. साहेबांनी ताठ साखळीसमोर उभं राहून फोटो काढून घेतले. यांचा जन्म बहुधा त्यासाठीच झालेला.

सुट्टीनंतर उत्पादनाची घाई सुरू झाली. साखळी सैल करायची तर कॉम्प्रेसर थांबवायला हवा, आणि थांबवायला मॅनेजरची परवानगी हवी. फिटरनी मला दोनदा आठवण करून दिली. मी दोनदा "बघतो" म्हणालो. मॅनेजरच्या केबिनपर्यंत काही माझी पावलं गेली नाहीत.

आठवड्याभरात बेअरिंग गेलं. चौकशी म्हणजे काय, तर रजिस्टर उघडलं आणि साखळी कुणी ताणली ते वाचलं. सही फिटरची होती. मेमो मलाच लिहायला सांगितला, कारण माझं इंग्रजी बरं.

फिटरनी तो सावकाश, दोनदा वाचला. "ताणायला कोण सांगितलं, ते यात नाही की हो."

"तसं लिहायची पद्धत नसते," मी म्हणालो.

"हौदा? असं होय?" म्हणाले, आणि खिशातून पेन काढून त्यांनी मेमो मिळाल्याची सही केली.

मॅनेजरला निदान काही कळत नव्हतं. मला सगळं कळत होतं, आणि मेमोवर फिटरच्या सहीच्या वर माझी सही होती.