स्पेनच्या बाईचा वाटा

"काही विशेष नाही, भाऊ," असं म्हणायचा आणि आमच्या फाटकाचा रंग अंगठ्याच्या नखानं खरवडत उभा राहायचा. स्पेनमध्ये वर्षभर शिकून आलेला शेजारचा मुलगा. आम्ही विचारावं, तिथं थंडी किती, लोक जेवतात काय, बैलांची झुंज पाहिलीस का. आणि त्यानं आपलं फाटक खरवडावं. त्या वर्षी मला फाटक नव्यानं रंगवून घ्यावं लागलं.

परदेशातून आलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. विमानातल्या जेवणापासून सुरुवात करतात, ती ऐकणाऱ्याला झोप येईपर्यंत थांबत नाहीत. ह्याचं सगळं उलटं. बरं, मुळात घुमा असता तर आम्ही नाद सोडला असता. पण जाण्याआधी हाच मुलगा पिंप्राळ्यातल्या आमच्या गल्लीचा रेडिओ होता. मामाकडे बोदवडला जाऊन आला तरी ते वर्णन आम्हाला संध्याकाळभर पुरायचं. पॅसेंजर कशी रखडली, समोरच्या बाईची कोंबडी टोपलीतून कशी सुटली, ती धरायला तिकीट तपासनीस बाकाखाली कसा शिरला. कोंबडीचा आवाजही तोच काढायचा आणि तपासनिसाचाही. तेव्हा गल्लीचा हिशोब साधा होता. बोदवडची जर एक संध्याकाळ, तर स्पेनची निदान सहा महिने करमणूक.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. तो वनस्पतिशास्त्र शिकत होता आणि फळझाडांच्या रोगांच्या अभ्यासासाठी त्याला वर्षभराची शिष्यवृत्ती मिळाली होती. गाव व्हॅलेन्सिया. आमच्यातल्या निम्म्यांना स्पेन लंडनच्या अलीकडे की पलीकडे हेही ठाऊक नव्हतं, मी त्या निम्म्यांतलाच. पण गणेश मंडळानं शाल-नारळ देऊन त्याचा सत्कार केला, आणि स्टेशनावर अख्खी गल्ली पोचवायला गेली.

घरात तो आणि त्याची आई, दोघंच. वडील तो लहान असतानाच गेले होते. आईला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. मूळची धुळ्याकडच्या खेड्यातली, बोलणं पक्कं तिकडचं. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. अक्षरओळख म्हणाल तर एवढीच, की भांड्यांवर घातलेलं स्वतःचं नाव ती ओळखायची. लग्नकार्यातून भांडी परत आली की त्या नावावरून बोट फिरवून आपली बाजूला काढायची. आणि तिच्या हातच्या बिबड्यांना जळगावात तोड नव्हती. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो, ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाचा लसूण, मिरची, तीळ घालून घाटा शिजवायचा, तो ओल्या कापडावर पापडासारखा थापायचा आणि आमच्या उन्हात खडखडीत वाळवायचा. मग भाजायचा किंवा तळायचा. भाजताना त्याचा वास शेजारच्याच काय, मागच्या गल्लीतही जातो.

तर अक्कानं मुलाबरोबर बिबडी दिली. स्टीलच्या मोठ्या डब्यात, झाकणावर तिचं नाव घातलेल्या. स्टेशनावर गाडी हलली तरी खिडकीशी चालत ती एकच सांगत होती, "डबा संभाळजो रे. मन्हं नाव शे तेवर."

वर्षानं तो परतला तेव्हा डबा बरोबर होता आणि त्यात बदाम होते. डबा गच्च भरलेला. तो ज्या म्हाताऱ्या विधवा बाईच्या घरी भाड्यानं राहिला होता, तिनं निघताना भरून दिले होते. अक्काचा आनंद काय सांगू! आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत, साखर तरी घालतात. ही रीत साता समुद्रापलीकडेही आहे, हे तिला त्या दिवशी कळलं.

"रिकामा नही धाडा तिनी," अक्का घरोघर बदाम वाटताना सांगत होती. "चांगला घरनी बाई शे. अन् बिबडं बठ्ठं खाई टाकं, एक टुकडा नही उरना!"

आम्ही ते बदाम प्रसादासारखे खाल्ले. मुलगा ओट्यावर मान खाली घालून बसला होता. मी हाक मारली, "काय रे, बाईंना तिखट नाही लागलं का?"

"काही विशेष नाही, भाऊ," तो म्हणाला. ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हा.

त्याचं मौन गल्लीला सहन होईना. तर्क सुरू झाले. कुणी म्हणे परीक्षेत आपटला, कुणी म्हणे तिकडे एखाद्या मडमेनं नकार दिला. माझाही एक तर्क होता, तो इथं सांगण्यासारखा नाही. सगळे तर्क चुकले.

उन्हाळ्यात अक्कानं बिबडी केली आणि त्यातला एक वाटा बाजूला काढला. "हाई स्पेननी बाईना." पार्सल पांढऱ्या कापडात शिवलं आणि मुलाच्या हाती दिलं. मी स्कूटरवरून त्याला मोठ्या पोस्टात घेऊन गेलो. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, आत काय? हा म्हणाला, पापड. "स्पेनला पापड?" कारकून मागच्या टेबलांकडे वळून ओरडला आणि सगळं पोस्ट हसलं. पूर्वीचा असता तर त्यानं ह्या प्रसंगावर आठवडा काढला असता. आता कानापर्यंत लाल झाला आणि बाहेर येऊन कडुलिंबाखाली उभा राहिला. मग म्हणाला, "भाऊ, त्या बाईंनी बिबडी खाल्लेलीच नाहीत."

तिथं उभ्या उभ्याच त्यानं सांगितलं. पहिल्या महिन्यात आईची आठवण आली म्हणून दुपारी बाईंच्या स्वयंपाकघरात गॅसवर बिबडं भाजायला घेतलं. तेवढ्यात वर्गातली मुलंमुली वह्या न्यायला दारात. लसूण-मिरचीचा धूर घरभर झालेला. एक ठसकला, एकीनं नाकाला रुमाल लावला आणि विचारलं, हे काय जळतंय? "मी म्हटलं, मला काय माहीत, मालकीणबाई काहीतरी करत असतील." बाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी ह्याच्याकडे एकदा पाहिलं, माझंच काहीतरी करपलं असं मुलांना सांगितलं आणि खिडक्या उघडल्या.

"मुलं गेल्यावर मी डबा उचलला आणि खालच्या कचऱ्याच्या पिंपात टाकून आलो. डब्यासकट, भाऊ. नुसती बिबडी टाकली असती तर रिकामा डबा रोज डोळ्यांसमोर राहिला असता."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डबा त्याच्या टेबलावर होता. घासलेला, पुसलेला. बाईंनी फक्त झाकणावरच्या अक्षरांवर बोट ठेवून हे काय लिहिलंय, असं विचारलं. तो म्हणाला, माझ्या आईचं नाव. बाईंनी मान हलवली आणि कॉफी करायला गेल्या.

"उरलेलं वर्ष त्यांच्याच हातचं खाल्लं. स्पेनचं काही सांगायला गेलो की तो डबा समोर येतो. कुठून सुरू करू?"

मी म्हटलं, झालं ते झालं, आईला बोलू नकोस, तिचा आनंद कशाला हिरावतोस. माझा सल्ला नेहमी असा मऊ असतो, त्यामुळे लोक माझ्याकडे येतात आणि त्यांचं काही भलं होत नाही.

तिकडून पुढे संत्र्यांच्या बागेचं चित्र असलेलं कार्ड आलं. बाईंनी ती बिबडी सूपमध्ये भिजवून खाल्ली होती. अक्का पोट धरून हसली. "भिजाडी खाधं! वेडी शे बाई!" आणि लगेच पुढच्या उन्हाळ्याची ज्वारी निवडायला बसली.

पुढचा उन्हाळा. आमच्याच गच्चीवर बिबडी घालायची ठरली होती. ऊन चढायच्या आत बायका कापडं पसरून थापायला बसल्या. अक्काच्या मुलानं घाट्याचं पातेलं वर आणून दिलं होतं, माझ्याकडे कावळे हाकायचं काम होतं. माझी मुलगी बारावी होऊन शिकायला पुण्याला निघाली होती. बायकोनं तिच्या नावाचा वाटा वेगळा घालायला घेतला, तशी ती वैतागून म्हणाली, "आई, मला नको हं. वसतिगृहात मुली नाक मुरडतात. सगळ्या खोलीला वास येतो."

अक्काचा हात थांबला. "लाज वाटस तुले? मन्हा पोऱ्या स्पेनलगून ली गया. तेले नही वाटनी लाज, अन् तुले पुण्याले न्याले वाटस? इचार तेले!"

सगळ्या बायका त्याच्याकडे बघायला लागल्या. माझी मुलगीही. मी त्याच्याकडे बघून मान हलवली, नको, नको. एक "हो" म्हटलं असतं तर काम भागलं असतं. त्याच्या हाताला घाटा लागला होता, हात तो पायजम्याला पुसत राहिला.

"माय," तो म्हणाला, "मी ते नही खाधं. मले लाज वाटनी. मी फेकी दिनं."

अक्काला आधी कळलंच नाही. "काय फेकं?"

"बिबडं. बठ्ठं."

"मंग डबा?"

"डबाबी. त्या बाईनी काढी आना."

कावळे हाकायचं माझ्या लक्षात राहिलं नाही, एकानं येऊन कडेचं बिबडं उचललं. अक्का मुलाकडे बघत होती, रागानं नाही. एखाद्या परक्या माणसाला पत्ता विचारावा तसं तिनं विचारलं, "मन्हं नाव व्हतं ना रे तेवर?"

तो "हो" म्हणाला आणि जिना उतरून गेला.

माझी मुलगी रडायला लागली. अक्कानं तिला जवळ घेतलं, घाट्याचा हात तिच्या ओढणीला लागू नये म्हणून लांब धरून. "तुले नको ते नको नेऊ, पोरी. जबरदस्ती नही." मग पुन्हा थापायला बसली. थोड्या वेळानं माझ्या बायकोला म्हणाली, "स्पेननी बाईना वाटा काढी ठेव. तो डबा तिनी धुयेल शे."

तो वाटा त्या वर्षीही गेला. पार्सल त्यानंच पोस्टात टाकलं.

तुम्हाला वाटेल, मायलेकांचं बोलणं बंद झालं असेल. तसं काही नाही. अक्का त्याला पूर्वीसारखंच पाणी तापवून द्यायची, ताप आला तर उशाशी बसायची, त्याच्या लग्नासाठी चोपड्यापर्यंत मुली बघून आली. फक्त एक झालं. तिनं त्याच्या ताटात पुन्हा कधी बिबडं वाढलं नाही. आम्ही जेवायला असलो की सगळ्यांना वाढत यायची आणि त्याचं ताट ओलांडून पुढे जायची. शिक्षा म्हणून नव्हे. ज्याची लाज वाटते ते मुलाला कशाला वाढायचं, असा तिचा सरळ हिशोब असावा. मागितलं असतं तर दोन दिली असती, हे मी शपथेवर सांगतो. त्यालाही मी सांगितलं, अरे, एकदा माग.

"कोणत्या तोंडानं मागू, भाऊ?" तो म्हणाला.

त्यानं मागितलं नाही. त्याचं लग्न झालं, आणि दुसऱ्याच हिवाळ्यात अक्का थोड्याशा आजारानं गेली. मग त्याला धुळ्याच्या एका कॉलेजात नोकरी लागली आणि शेजारच्या घराला कुलूप लागलं. आमची गल्ली एकदम गप्प झाली, म्हणजे तो तर आधीच गप्प झाला होता, पण अक्काचा आवाज मोठा होता.

पुढे कचेरीच्या कामानं मी धुळ्याला गेलो तेव्हा बायकोनं त्याच्यासाठी बिबडी दिली. शिकली होती ती अक्काकडेच. त्यानं मला बसस्टँडवरून घरी नेलं. स्वयंपाकघराच्या फळीवर तो डबा होता, नाव दिसेल असा ठेवलेला. त्याच्या बायकोनं हौसेनं बिबडी भाजली, मला वाढली आणि त्याच्या ताटाशी यायच्या आत त्यानं ताटावर हात आडवा धरला.

"यांना बिबडं आवडतच नाही," ती मला म्हणाली. "लग्नापासून बघते. जळगावचा माणूस आणि बिबडं खात नाही!"

तो माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "हो, लहानपणापासून नाही आवडत त्याला."

निघताना त्यानं आमचा डबा परत दिला. त्यात शेंगदाणे होते. फाटकापर्यंत पोचवायला आला आणि म्हणाला, "वहिनींना सांगा, बिबडी छान झालीत. अगदी आईसारखी."

"तू कुठे खाल्लीस?"

"वास आला ना, भाऊ," तो म्हणाला. "घरभर आला." आणि स्वतःच्याच फाटकाचा रंग नखानं खरवडायला लागला.