मार्थाची ओकची रोपं आणि माझे ससे

२००६ सालच्या मार्चमधला शनिवार. सकाळी सातला, परदेशात मुलाच्या गावी, फ्रीमाँटच्या टेकडीवर, डोक्याला स्कार्फ आणि पायात मुलाचे जुने बूट घालून मी सशांच्या लेंड्या मोजत होते... हसू नका, खरंच!

सूनबाई मृणाल तिथे व्हॉलंटियर म्हणून जायची. घरात एकट्या काय बसता, चला, म्हणाली. लोकांनी हौसेने पाळून मग सोडून दिलेले काळे-कबरे ससे तिथे रानटी झाले होते, भराभर वाढले होते. ते कुठे किती आहेत हे कळावं म्हणून जमिनीवर लाकडी चौकट ठेवायची, आतल्या लेंड्या मोजायच्या, कुरतडलेली झाडं कागदावर टिपायची. सातवी शिकलेल्या मला हे झकास जमलं... धान्य निवडण्यात जन्म गेलेला.

आमच्या व्हॉलंटियर गटाची प्रमुख मार्था, माझ्याच वयाची. ओकची बी घरच्या कुंडीत रुजवून, दोन वर्षं वाढवून तिने रोपं टेकडीवर लावली होती.

त्या दिवशी टेकडीला लागून असलेल्या आमच्या घराच्या मागच्या कुंपणापाशी पोचलो, तर चौकटीत लेंड्याच लेंड्या. शेजारची मार्थाची सहाही रोपं बुंध्यापाशी तिरपी कुरतडलेली. ती गुडघ्यांवर बसून एकेका खुंटाला हात लावत राहिली. ससे नेमके इथेच का जमतात, तिला उलगडेना.

मला मात्र माहीत होतं...

आमच्याकडे जेवणाआधी गाईचा घास काढून ठेवायची रीत. फ्रीमाँटमध्ये गाय कुठून आणू? म्हणून दोन महिने रोज पोळीचा तुकडा आणि मेथीच्या काड्या त्या कुंपणाबाहेर ठेवत होते. ससे यायचे, बरं वाटायचं. सगळे ऑफिसला गेल्यावर माझी वाट पाहणारं दुसरं होतं कोण?

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. सुनेची चारचौघांत शोभा झाली नसती. पण त्या बाईचा हात खुंटावरून निघेना...

"आय फीड," मी म्हणाले. "डेली. माय मिस्टेक."

मृणालचा चेहरा पडला. मार्थाने काय काय घालता ते विचारून कागदावर लिहून घेतलं. मग जे म्हणाली, ते मृणालने मला मराठीत सांगितलं, "खायला घालणारे पुष्कळ असतात. आपणहून सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच." आणि मार्थाने लगेच विचारलं, पुढच्या शनिवारी नवी रोपं लावायचीत, जाळ्या बांधायला याल का?

घरी आल्यावर मृणालने चहा ठेवला. तो गाळताना म्हणाली, "आई, तुमच्या जागी मी असते ना, गप्प बसले असते."

परतीच्या तिकिटाला तीन आठवडे उरले होते. तिन्ही शनिवार मार्था जाळीची तार धरायची, मी पीळ द्यायचे... मध्ये भाषा फारशी नव्हतीच.

जिचं मी नुकसान केलं, तिनेच त्या परक्या गावात मला कामाचं माणूस केलं. तिला नीट थँक्यू म्हणायचं तेवढं राहून गेलं... म्हणून आज इथे म्हणते.